मधले तीन किलोमीटर

"ही बघा. ही तार बघा सगळ्यांनी."

मालकांनी टॉर्चचा झोत वर मारला. लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली सगळे माना वर करून उभे होते: मालक, गाडीचा ड्रायव्हर, पलीकडे डेंट काढणारा पत्रेवाला आणि गिअरबॉक्सची कामं करणारे उस्ताद. उस्तादांची मुलगी जरा मागे होती. गाड्यांच्या विजेचं आणि कॉम्प्युटरचं काम गॅरेजात तिच्याकडे होतं. गिअरबॉक्सच्या बाजूला जो जाड प्लग बसतो, त्यातून एक बारीक हिरवी तार निघून करंगळीएवढी बाहेर लोंबत होती.

"दाबाच्या झडपेची तार," मालक म्हणाले. "हिच्यात वीज गेली नाही की गिअरबॉक्सातल्या तेलाचा दाब पूर्ण चढतो आणि पूर्णच राहतो. मग प्रत्येक गिअर दणका देऊन पडतो. पाच दिवस दणके खाल्ले आणि आज पुलाच्या चढावर आतला ड्रम फुटला. बरोबर ना, मॅडम?"

"बरोबर," मुलगी म्हणाली.

"आणि या तारेला शेवटचा हात कुणी लावला होता?"

मुलगी पुढे आली. तिनं तार दोन बोटांत धरून पाहिली. "मीच. गुरुवारी सकाळी काढून मीटरवर तपासली होती. परत बसवली होती, असं मला वाटतंय."

"वाटतंय!" ड्रायव्हर उसळला. "बाई, माझ्या गाडीत डायलिसिसचे तीन पेशंट होते. त्यातल्या एक आजी, पाय सुजून हे एवढे झालेले. दोन तास पुलावर उन्हात बसल्या होत्या. दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांचा नंबर गेलेला. आणि तुम्ही म्हणता वाटतंय!"

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तरी ती म्हणाली, "एक सांगू? तार निघाली म्हणूनच गुरुवारी गाडीचा गिअर घसरायचा थांबला असणार. उस्तादांनी तेल बदललं म्हणून नाही."

"आता उस्तादांच्या कामाला नावं ठेवू नका!" मालकांचा आवाज चढला. "त्यांनी तेल बदलून गाडी चालती केली, तुमच्या तारेनं ती बंद पाडली. चूक झाली तर झाली म्हणायचं."

मुलीनं ती तार पुन्हा एकदा बघितली. मग अगदी हळू म्हणाली, "मीच विसरले असेन." आणि लगेच, स्वतःलाच दुरुस्त केल्यासारखं, "असेन कशाला? मीच विसरले."

उस्ताद फडक्यानं हात पुसत होते. हात स्वच्छच होते. ती तार मुलगी विसरली नव्हती. ती उस्तादांनी काढली होती, गुरुवारी दुपारी, याच लिफ्टखाली, एकट्यानं. 'मी काढली' एवढे दोन शब्द बोलायचे होते. माणूस शिंकायला जेवढा वेळ घेतो तेवढाही लागला नसता. पण उस्तादांची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. तेवढ्यात ड्रायव्हर पाय आपटत निघून गेला, मालक फोन घ्यायला आत गेले, आणि बोलायची वेळ टळली. आपण सुटलो असं उस्तादांना वाटलं. असं वाटलं याचीच त्यांना पहिली लाज वाटली.

उस्तादांना उस्ताद कुणी केलं हे आता कुणालाच आठवत नव्हतं. त्यांना स्वतःला तर आपण जन्मापासून तसेच आहोत असं वाटे. छत्तीस वर्षं त्यांनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलले आणि परत बांधले होते. जुन्या गिअरबॉक्सांना बाहेरून एक पत्र्याची डबी असे, पेल्याएवढी. तिच्या आत रबराचा पडदा, आणि तिथून एक रबरी नळी थेट इंजिनापर्यंत. इंजिन त्या नळीतून हवा ओढत राही. गाडी निवांत चालली असली की ओढ जोराची, चढ लागला की ओढ कमी. ओढ कमी झाली की डबीतला पडदा सैलावे, तेलाचा दाब वाढे आणि आतल्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरत. म्हणजे इंजिन जितकं दमेल तितकी गिअरबॉक्सनं मूठ आवळायची. ना वीज, ना आकडे. उस्तादांना यात फार मोठी शहाणीव दिसे.

ही डबी तपासायची त्यांची रीत वेगळी होती. लोक त्यासाठी पंप वापरत. उस्ताद डबीच्या नळीचं तोंड ओठांत धरत, हवा ओढत आणि जिभेचं टोक भोकावर टेकवत. डबीनं जीभ धरून ठेवली तर पडदा चांगला, सोडली तर फाटलेला. त्यांची जीभ कधी खोटी ठरली नव्हती. बायको म्हणायची, "तुम्हाला तेलाशिवाय कशाची चव लागत नाही. मी उगाच चुलीपुढे घाम गाळते."

आणि त्या डबीच्या पोटात एक बारीक स्क्रू असे. थकलेला गिअरबॉक्स घसरायला लागला, म्हणजे इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी काही ओढत नाही असं झालं, की तो स्क्रू अर्धा फेरा आत घ्यायचा. दाब जरासा चढायचा आणि गाडी आणखी वर्षभर निघायची. 'उस्तादांचा अर्धा फेरा' म्हणून लोक लांबून गाड्या घेऊन येत.

मग ती डबी गेली. तिच्या जागी आली एक छोटी झडप, झडपेला एक तार, आणि तारेतून किती वीज सोडायची ते ठरवणारी एक बंद पेटी. उस्तादांनी सुरुवातीला नाक मुरडलं. नंतर नाक मुरडून भागेना. मुलीनं गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केला होता. त्यांनीच मालकांना गळ घालून तिला कामावर लावलं, आणि पहिले सहा महिने जो भेटेल त्याला "माझी मुलगी" म्हणून दाखवत राहिले.

तिनं त्यांना ही नवी विद्या घरी, जेवणाच्या टेबलावर शिकवली होती, वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून.

"बाबा, तुमची डबी आणि ही झडप एकच काम करतात. तुमच्या डबीला इंजिनाचा श्वास कळायचा, हिला आकडा कळतो, एवढंच. वीज जास्त, तर दाब कमी. वीज कमी, तर दाब जास्त."

"आणि तार तुटली तर?"

"तर दाब पूर्ण चढतो. मुद्दामच तसं ठेवलंय. दाबच नसेल तर प्लेटा जळतील, त्यापेक्षा दणके खात का होईना, गाडी घरी तरी पोचेल. पण तशी रोज चालवली तर आतलं काहीतरी फुटणार. तुमचा अर्धा फेरा इथे नाही, बाबा. तार काढली की थेट पूर्ण."

"हं."

"आणि ही पेटी सगळं टिपून ठेवते. काय बिघडलं, कधी बिघडलं, गाडी तेव्हा किती किलोमीटर चालली होती, सगळं. बॅटरी काढली तरी विसरत नाही."

"म्हणजे तुझ्या आईसारखी," उस्ताद म्हणाले होते, आणि आतून आईनं भांडं आपटलं होतं.

तेव्हा उस्तादांना माहीत नव्हतं असं म्हणायला कुठेच जागा नव्हती. त्यांना सगळं माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं.

त्या गुरुवारी झालं ते असं. डायलिसिसच्या पेशंटांची ती गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना घसरत होती. मुलीनं सकाळी तपासलं, झडप थकलीय म्हणाली, नवी यायला चार दिवस लागतील, तोवर गाडी चालवू नका. तिनं सगळं परत जोडलं, जॉबकार्डावर किलोमीटर लिहिले आणि बारा वाजता आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आईला मोतीबिंदू होता. खरं तर त्या दिवशी उस्तादांनी जायचं होतं, पण गॅरेज सोडून त्यांना कधी जमलं आहे?

ती गेली आणि ड्रायव्हरनं मालकांपुढे हात जोडले. "चार दिवस पेशंटना काय खांद्यावर नेऊ? उस्ताद आहेत ना तुमच्याकडे? माझ्या आधीच्या गाडीला त्यांनी पाच मिनिटांत नीट केलं होतं."

मालक हसत म्हणाले, "अहो, ती जुनी गाडी. आता आमच्याकडे डोकं मॅडम चालवतात, उस्ताद नट खोलतात."

गमतीनंच म्हणाले. पत्रेवालाही हसला. उस्तादसुद्धा हसले. आणि हसता हसता म्हणाले, "आणा इकडे किल्ली. बघतो."

त्यांनी गाडी बाहेर काढून एक फेरी मारली. घसरत होती, मुलीनं सांगितलं तशीच. परत येऊन लिफ्टवर घेतली. प्लग सोडवला, बारीक सुईनं हिरवी तार टोचून बाहेर ओढली आणि प्लग पुन्हा बसवला. दोन मिनिटांचं काम. वरवर दाखवायला तेलही बदललं. मग दुसरी फेरी. घसरणं साफ बंद. गिअर पडताना पाठीला दणका बसत होता, पण ड्रायव्हरला तो ताकदीचा वाटला. "काय ओढतेय हो उस्ताद!" म्हणाला.

"जुनं तेल होतं," उस्ताद म्हणाले. "तेलानं झडप मोकळी झाली."

नवी झडप आली की तार पुन्हा जोडू, चार दिवसांत काय आभाळ कोसळतंय, असा त्यांचा हिशेब होता. सोमवारी झडप आली नाही. मंगळवारी गाडी पुलावर बसली.

पहिले दोन दिवस उस्तादांनी स्वतःची समजूत घातली. चूक कुणाचीही असो, नोकरी काही गेली नाही. मालक ओरडतात आणि विसरतात. पोरगी तरुण आहे, आज रडेल, उद्या विसरेल. माणूस स्वतःशी बोलायला लागला की त्याच्याइतका सोयीचा वकील दुसरा मिळत नाही.

पण पोरगी रडली नाही आणि विसरलीही नाही. ती बदलत गेली. प्रत्येक प्लग बसवला की ती मोबाइलवर त्याचा फोटो काढू लागली. गाडी लिफ्टवरून उतरली की पुन्हा चढवायला सांगे, "एकदा बघते." घराला कुलूप लावून जिन्याखाली आली की परत वर जाई. एकदा उस्तादांनी तिला अंगणातल्या नळापाशी उभं पाहिलं. नळ बंद होता. ती बंद नळाकडे बघत उभी होती.

आणि मग तिनं ते विचारलं.

"बाबा, माझं झालंय. तुम्ही एकदा बघता का? मला माझाच भरवसा वाटत नाही हल्ली."

उस्ताद टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. तिनं जोडलेला एकेक प्लग त्यांनी बोटांनी चाचपला. सगळे जागच्या जागी, एकही तसूभर ढिला नाही. इतकं सुबक काम त्यांनी स्वतः तरुणपणी केलं नव्हतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

त्यानंतर ती रोज बोलावू लागली. दिवसातून तीनदा, चारदा. आणि आता जे सांगायचं ते उस्तादांनी कधी कुणाला सांगितलं नसतं, पण ते खरं आहे. पहिले काही दिवस त्यांना ते आवडलं. दोन वर्षांत गॅरेजात कुणी त्यांना "एकदा बघता का" म्हटलं नव्हतं. सगळे मॅडम, मॅडम करत होते. आता खुद्द मॅडम त्यांच्या "बरोबर आहे"साठी थांबत होत्या. उस्तादांची पाठ ताठ झाली होती. एका दुपारी चहा पिताना त्यांना एकदम उमगलं की आपण खूश आहोत आणि कशामुळे खूश आहोत. पेला तसाच ठेवून ते मागच्या नळावर गेले आणि उगाच तोंड धूत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात, शनिवारी, मुलीनं घरी सांगितलं, "मी मालकांशी बोललेय. सोमवारपासून काउंटरवर बसते. फोन घ्यायचे, जॉबकार्डं लिहायची. गाड्यांना हात लावायचा नाही."

"आणि एवढं शिकलीस ते?" आईनं विचारलं. तिच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती, ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"शिकून काय करायचंय, आई? हात काय करतात ते हातालाच आठवत नाही. तीन माणसांचा जीव होता त्या गाडीत. मला ती तार प्लगात बसवल्याचं अजून डोळ्यांपुढे दिसतं. खट असा आवाजसुद्धा आठवतो. आणि तरी ती बसलेली नव्हती. मग मी विश्वास कशावर ठेवायचा?"

आवाज तिला आठवत होता, कारण तो झाला होता. उस्ताद मान खाली घालून ताटातलं चिवडत राहिले.

रविवारी सकाळी बायको अंघोळीला गेलेली पाहून ते मुलीच्या खोलीत गेले. ती कपाटातून चांगले कपडे शोधत होती, काउंटरवर घालायला.

"ऐक. ती तार मी काढली होती."

ती थांबली. त्यांनी सगळं सांगितलं. फेरी मारली, सुई घातली, तेलाचं खोटं सांगितलं. सांगताना ते तिच्याकडे बघू शकले नाहीत, भिंतीवरच्या कॅलेंडराशी बोलल्यासारखे बोलत होते. झाल्यावर पाहिलं तर तिचे डोळे भरलेले होते.

"बाबा," ती म्हणाली, "किती हो चांगले आहात तुम्ही."

"अगं, पण..."

"मी काउंटरवर बसतेय हे तुम्हाला बघवत नाही, कळतंय मला. पण माझी चूक स्वतःवर घेऊ नका. छत्तीस वर्षांचं नाव आहे तुमचं. तुम्ही असं काही करणार नाही हे मला माहीत नाही का?" आणि तिनं त्यांच्या खांद्याला डोकं टेकवलं.

उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण सांगून मोकळे झालो, आता ती मानत नसेल तर आपण काय करणार, असा एक विचार त्याच क्षणी त्यांच्या मनात डोकावलाही. सोपं होतं. खरंही बोललो आणि नावही राहिलं.

सोमवारी ड्रायव्हर गाडी न्यायला आला. गिअरबॉक्स उस्तादांनी नव्यानं बांधून बसवला होता, नवी झडप घातली होती. मुलगी स्वच्छ इस्त्रीच्या कपड्यांत काउंटरवर होती. मालकांनी तिला हाक मारली, "मॅडम, तेवढं शेवटचं काम करून द्या. मशिन लावून पेटीतला जुना बिघाड पुसून टाका, म्हणजे यांना गाडी देतो."

ती स्कॅनर घेऊन गाडीत बसली. उस्ताद दाराशी उभे होते. पडद्यावर एक ओळ उमटली. त्या मॉडेलमध्ये या बिघाडाला समोर लाल दिवा लागत नसे. बिघाड नुसता आत टिपला जाई.

"दाबाच्या झडपेची तार तुटलेली," तिनं वाचलं. "तोच जुना. पुसते."

तिचा अंगठा बटणाकडे गेला.

"थांब!" उस्ताद इतक्या मोठ्यानं ओरडले की पत्रेवाल्याचा हातोडा थांबला. "मालक, इकडे या. तुम्हीपण या. सगळे या." सगळे आले. "त्या दिवशी सगळ्यांसमोर हिला बोललात, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो. ती तार हिनं नाही काढली. मी काढली. मुद्दाम काढली. गाडी घसरायची थांबावी म्हणून, आणि माझं नाव व्हावं म्हणून."

मग मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मायेचा होता.

"उस्ताद, कशाला त्रास करून घेता? झालं गेलं. मॅडमना आम्ही ठेवलंयच की कामावर."

"बाप असावा तर असा," ड्रायव्हर पत्रेवाल्याला म्हणाला, आणि पत्रेवाल्यानं मान डोलावली.

"बाबा, बास ना आता," मुलगी म्हणाली. लाजेनं तिचे कान लाल झाले होते. "मला आणखी कानकोंडं करू नका. मी पुसते."

"पुसू नकोस. आत उघड. किती किलोमीटरला तुटली ते बघ. तूच म्हणालीस ना, पेटी विसरत नाही?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं ती ओळ उघडली.

"एक लाख बारा हजार चारशे नऊ," तिनं वाचलं.

"आता जॉबकार्ड आण. गुरुवारी निघताना किती लिहिलंस?"

ते आणायला पत्रेवालाच धावला. कार्ड तिच्या हातात आलं. तिचंच अक्षर होतं, आकडे सुटे सुटे लिहायची तिची सवय.

"चारशे सहा," ती म्हणाली.

"तू गेलीस तेव्हा चारशे सहा. तार सुटली चारशे नऊला. मधले तीन किलोमीटर मी गाडी चालवली. तार जागेवर होती आणि गाडी घसरत होती, तू म्हणालीस तशीच. मग परत येऊन मी ती काढली." उस्तादांनी श्वास घेतला. "तू विसरली नव्हतीस. तुझं सगळं बरोबर होतं."

मालकांनी कार्ड घेतलं, पडदा पाहिला, पुन्हा कार्ड पाहिलं. त्यांचा हात उस्तादांच्या खांद्यावरून केव्हाच खाली आला होता. ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे उस्ताद, त्या आजी..." त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो नुसता त्यांच्याकडे बघत राहिला, अनोळखी माणसाकडे बघावं तसा.

मुलगी पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा वाचत होती. ओठ हलत होते. हळूहळू तिचा चेहरा बदलला. कुणीतरी अंगावरचं ओझं उतरवावं तसे खांदे खाली आले, आणि ते खाली आल्यावर तिनं मान वर करून बापाकडे पाहिलं.

"आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवस तुम्ही माझ्यामागून येऊन माझे प्लग तपासलेत, बाबा. मी बोलावलं की यायचात. हात लावून बघायचात. आणि म्हणायचात, बरोबर आहे."

तार का काढली याला निदान एक कारण होतं, वाईट का असेना. याला काहीच नव्हतं.

"पुसू का?" तिनं मालकांना विचारलं. मालकांनी मान डोलावली. तिनं बटण दाबलं, मशिनची वायर गुंडाळली आणि गाडीतून उतरली. ड्रायव्हर गाडी घेऊन गेला.

"मॅडम," मालक म्हणाले, त्यांना शब्द जुळवावे लागत होते, "त्या दिवशी मी जे बोललो... ते काउंटरचं काही डोक्यात ठेवू नका. तुम्हाला पाहिजे तिथे..."

"मी गाड्यांखालीच असते," ती म्हणाली. "पुढची गाडी घ्या वर."

इस्त्रीच्या कपड्यांवरच तिनं कामाचा डगला चढवला. लिफ्ट घरघरत वर गेली. दुपारपर्यंत त्या गाडीचं काम चाललं. उस्ताद पलीकडे टेबलावर एक जुना गिअरबॉक्स खोलत बसले होते. मालक त्यांच्याशी काही बोलले नव्हते. उद्या बोलतील, बहुतेक. पत्रेवाला चहा घेऊन आला, त्यानं पेला टेबलावर ठेवला आणि न थांबता गेला.

काम संपत आलं हे उस्तादांना आवाजावरून कळलं. हत्यारं खोक्यात पडायला लागली होती. ते उठले, टॉर्च घेतला आणि लिफ्टपासून चार पावलांवर जाऊन उभे राहिले. तिनं शेवटचा प्लग दाबला. खट झालं. तिनं फोटो काढला नाही, ओढून पाहिला नाही. हात पुसत ती गाडीखालून बाहेर आली आणि त्यांच्या शेजारून जाऊन तिनं लिफ्टचं बटण दाबलं.

गाडी सावकाश खाली येऊ लागली. उस्ताद बाजूला सरले. हातातला टॉर्च चालूच होता, भर दुपारी, आणि तो बंद करायचं त्यांच्या बराच वेळ लक्षात आलं नाही.